सरकारी माणूस

रविवार, ८ मार्च १९८७

वेल्माचा फोन आला की मी आधी खुर्ची ओढून घेते. ती माझ्या धाकट्या भावाची, रेजची बायको. राहते हॉबार्टला, आणि एकदा बोलायला लागली की तिला आवरणं रेजलाही जमत नाही. आजची बातमी अशी की आमच्या गॅरेट्स बेची नगरपालिका नदीकाठी दगडी भिंत बांधते आहे. इंग्लंडहून पहिली जहाजं या देशात आली त्याला पुढच्या वर्षी दोनशे वर्षं होतात, त्यानिमित्त. या खोऱ्यात सुरुवातीला येऊन ज्यांनी जंगल तोडलं, जमीन कसली, त्यांची नावं भिंतीत बसवायची. एका घराण्याला एक दगड. नावाखाली एक ओळ : माणूस कोण होता आणि कधी आला.

"ताई, हॅड्रिलांचा दगड पहिल्या रांगेत हवा," वेल्मा म्हणाली. "माहिती तुम्ही काढा. तुम्हाला काय, वेळच वेळ."

वेळच वेळ. बाबांची दाढी, बाबांचं मलम, चूल, कोंबड्या, आणि बागेत जी काही झाडं उरलीत त्यांची सफरचंदं उतरवायची, ती कोण उतरवणार? हे सगळं मी फोनवर बोलले नाही. हो म्हटलं. मी नेहमीच हो म्हणते.

बाबांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, खूश होतील. आपण सरकारी माणसाची अवलाद, हे ऐकतच मी सत्तावन्न वर्षांची झाले. पण ते म्हणाले, "कशाला उकरताय? सगळ्यांना माहीत आहे आपण कोण ते. दगडावर कशाला लिहायला पाहिजे?" अठ्ठ्याऐंशी पूर्ण होतील आता. या वयात माणसाचं काय कधी बिनसेल सांगता येत नाही.

देस टक लाकडं टाकून गेला. पैसे द्यायला बाहेर जाते तोवर त्याचा ट्रक फाटकाबाहेर. दर वेळी असंच. साठीला आला, विसरभोळेपणा काही जात नाही.

बुधवार, ११ मार्च

जे माहीत आहे ते आधी एका जागी लिहून काढावं म्हणते.

माझे खापरपणजोबा जोसाया हॅड्रिल. इंग्लंडहून १८३२ साली आले, वय वर्षं एकोणीस. सरकारी माणूस. बोट सरकारची, अंगावरचे कपडे सरकारचे, दोन वेळचं जेवण सरकारचं. सात वर्षं सरकारशी बांधलेले होते. रस्ते आणि पूल बांधायच्या कामावर असत. चार वर्षं झाली तेव्हा वागणूक पाहून सरकारने त्यांना रजा दिली, आणि ती रजाही अशी की त्या काळात स्वतःचं काम करून चार पैसे मिळवायची मुभा. मग या खोऱ्यात आले, झाडं तोडली, शेत केलं.

हे सगळं बाबांच्या आजीने बाबांना आणि इडा आत्याला सांगितलेलं, आणि आत्याने मला. लिहिताना वाटत होतं, तेव्हाचं सरकार माणसांची केवढी काळजी घेत होतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, तापाने फणफणले तरी दोन दिवस कधी धड मिळाले नाहीत.

गुरुवार, १९ मार्च

सकाळच्या बसने हॉबार्ट. जुन्या कागदांच्या कचेरीत एक बाई होती, सर्दीने नाक लाल झालेली. बिचारीने पुष्कळ खटपट केली.

"कुठल्या खात्यात होते?"

"रस्ते आणि पूल."

"अधिकारी?"

"मग काय."

तिने अधिकाऱ्यांच्या याद्या आणल्या. मोजणीदार, मुकादम, भांडारपाल, कारकून, सगळे बघून झाले. हॅड्रिल नाही. हॅरिस दोन, हॅडन एक. दुपारी ती शिंकत शिंकत म्हणाली, "दुसऱ्या बाजूच्या कपाटांत बघायचं का? बहुतेक जण तिकडे सापडतात."

दुसरी बाजू म्हणजे बेडीवाल्यांची. कैदी म्हणून जहाजातून आणून टाकलेल्यांची.

मी म्हटलं, "बाई, आमची माणसं स्वतःहून आली होती."

"हो," ती म्हणाली, "सगळ्यांचीच."

मला तिचा सूर आवडला नाही. बाहेर पडून चिकोरीची कॉफी प्यायले, पाय सुजले होते म्हणून बूट सैल केले आणि पुढच्या बसची वाट पाहत बसले. घरी आले तर बाबा दारातच. "मिळालं काही?" "नाही." "मी म्हटलं होतंच," म्हणाले, आणि जेवायला मात्र चांगले जेवले. खूप दिवसांनी दुसऱ्यांदा भोपळा वाढून घेतला.

गुरुवार, २ एप्रिल

पाठ धरली आहे. सफरचंदांच्या शेवटच्या पेट्या आज भरून दिल्या.

नदीकाठी भिंत कमरेइतकी झाली आहे. काम देसकडे आहे. टक मंडळी पिढ्यान् पिढ्या दगडाचंच काम करतात. मी वाण्याकडून येताना थांबले. तो दगडावर पाणी मारत होता.

"तुझ्या म्हाताऱ्याचा शोध कुठवर आला?" त्याने विचारलं.

"अडलंय घोडं. सरकारने त्याला कुठे लपवून ठेवलाय कळत नाही."

देस हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसतो. म्हणाला, "क्लॅरीकाका काय म्हणतात?" क्लॅरीकाका म्हणजे बाबा.

"म्हणतात सोड."

"मग सोड," तो म्हणाला आणि पुन्हा दगडाकडे वळला.

सगळेच मला सोड म्हणतात. सोडायलाच सांगायचं होतं तर आधी धरायला कशाला सांगितलं?

डायरी कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. पंचावन्न साली देस मला मागणी घालायला आला होता. मी पंचवीस, तो अठ्ठावीस. बाबांनी नाही म्हटलं. त्याचा पूर्वज, सॅम टक, कैदी होता हे अख्ख्या गावाला ठाऊक. शाळेत पोरं त्याच्या मागे ओरडत, "टक, टक, साखळी वाजव." बाबा म्हणाले, आपण सरकारी माणसाच्या घरातले, बेडीवाल्यांच्या घरी मुलगी देत नाही. मी रडले, आणि ऐकलं. देसने पुढे नेलशी लग्न केलं. चांगली बाई होती, चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या दफनाच्या वेळी सगळे सँडविच मीच केले होते.

मला त्याचं वाईट वाटत नाही असं मी बरीच वर्षं म्हणत आले आहे. आज ते लिहायला गेले तर पुढचं वाक्य सुचेना.

रविवार, १२ एप्रिल

वेल्मा आणि रेज जेवायला आले होते. खारवलेलं गोमांस उकडलं, पांढरा सॉस केला, बटाटे, कोबी. वेल्मा दारातूनच सांगत आली. तिला कुठल्याशा ओळखीच्या गृहस्थाकडून कळलंय की १८३३ साली जोसाया हॅड्रिलची नेमणूक कॅप्टन पर्व्हिस नावाच्या जमीनदाराकडे झाली होती.

"नेमणूक, ताई. कॅप्टनच्या हाताखाली. म्हणजे विचार करा, थेट कॅप्टन. विश्वासू माणूस असणार."

"रस्ते खात्यातून बदली झाली असेल," मी म्हटलं.

"बदली नाही, बढती," वेल्मा म्हणाली.

रेज म्हणाला, "असेल बाबा." रेजचं मत नेहमी एवढंच असतं.

बाबांनी काटा खाली ठेवला आणि पोटात बरं नाही म्हणून उठून आपल्या खोलीत गेले. मांस तसंच टाकून. मांस टाकणारा माणूस नाही तो. मी ताट झाकून ठेवलं. वेल्मा जाताना म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना आनंदही सोसत नाही.

दगडावर काय लिहायचं तेही तिने ठरवून टाकलंय : जोसाया हॅड्रिल, शासकीय अधिकारी. मी म्हटलं, आधी पुरावा मिळू दे. ती म्हणाली, घरातली गोष्ट ती, तिला पुरावा कशाला? खरं सांगायचं तर मलाही कंटाळा आला आहे. कुठेतरी एका कागदावर त्याचं नाव मिळावं, देसने ते कोरावं आणि मला झोपू द्यावं.

पण ते मिळायला हवं, हेही खरं. 'सरकारी माणूस' या दोन शब्दांवर मी माझं लग्न सोडलं. निदान ते शब्द तरी खरे निघावेत.

रविवार, ३ मे

आज इडा आत्याकडे गेले. आत्या बाबांची थोरली बहीण, त्र्याण्णव वर्षांची, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात असते. कान गेलेत, जीभ शाबूत आहे. सफरचंदाचा केक नेला होता. तिने आधी मनुका शोधून शोधून खाल्ल्या आणि मग माझ्याकडे बघितलं.

"दमलेली दिसतेस, पोरी."

"जोसायाने दमवलंय, आत्या. कुठल्याच यादीत नाही."

"कुठल्या याद्या बघितल्यास?"

"अधिकाऱ्यांच्या."

आत्या हसायला लागली. हसता हसता कवळी सुटली म्हणून रुमाल तोंडाला लावला, तरी खांदे हलतच होते. मी बावळटासारखी बसून राहिले.

"अगं, अधिकाऱ्यांच्या यादीत कसा सापडेल तो? बेडीवाला होता तो."

"आत्या, तूच सांगायचीस, सरकारी माणूस."

"मग? तेच तर म्हणायचे त्यांना. कैदी म्हणालं तोंडावर कोणी तर डोकी फुटायची. म्हणून सरकारी माणूस. कपडे सरकारचे, पाव सरकारचा, पाठीवरचे फटकेसुद्धा सरकारचेच. आमची आजी म्हणायची ना, तेव्हा आवाज खाली करायची. तू लहान होतीस, तुला वाटलं मानाने बोलतेय."

"आणि ती रजा?"

"रजेची चिठ्ठी. कोठडीतून मोकळा, पण तालुक्याबाहेर पाऊल टाकलं तर पुन्हा आत."

"कॅप्टनकडे नेमणूक?"

"बैल द्यावा तसा दिला त्याला कॅप्टनला. फुकटचा गडी." आत्याने केकचा दुसरा तुकडा उचलला. "मेंढी मारली होती त्याने, कुठल्याशा लाटसाहेबाची. घरात सहा तोंडं खायला. सात वर्षं त्या मेंढीची."

दारावरून चाकांच्या खुर्चीतून कोणीतरी गेलं, एक नर्स डोकावली, चहा हवा का विचारून गेली. मी नको म्हटलं. माझे हात मांडीवर होते आणि ते दुसऱ्याच कोणाचे वाटत होते.

"बाबांना माहीत आहे हे?"

आत्या खिडकीतून नदीकडे बघत राहिली. "बापाला विचार. मला इथे शांतपणे मरायचंय."

सोमवार, ४ मे

बटाटे करपले. बाबा म्हणाले, लक्ष कुठे आहे तुझं. मी म्हटलं, कुठेच नाही.

शनिवार, ९ मे

वेल्माला फोन करून सांगितलं. मला वाटलं होतं, आता ती मूर्च्छा येऊन पडेल, दगडच रद्द करेल, आणि माझी सुटका होईल. ती म्हणाली, "ताई, खरंच?"

"खरंच."

"अहो, किती छान."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"तुम्ही त्या खेड्यात बसलाय, तुम्हाला कळत नाही. सध्या सगळ्यांना कैदीच हवाय. आमच्या क्लबातली फिलिस, तिचा पूर्वज नुसता शिंपी निघाला, स्वतःच्या खर्चाने आलेला. दोन आठवडे कोणाशी धड बोलली नाही. आणि मेंढी म्हणजे तर फारच गोड. खून नाही, दरोडा नाही. दगडावर एक बारीकशी साखळी कोरून घेता येईल का? देसला विचारा ना."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे ती बोलत असतानाच ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

नंतर बागेत गेले. पानं गळून गेलीत, झाडाखाली पडलेली सफरचंदं कुजतायत, ती गोळा करायला वाकले आणि तिथेच बसले. ज्या गोष्टीसाठी माझं लग्न मोडलं ती आता हॉबार्टच्या बायका चहाबरोबर मिरवतायत. देसच्या घरी हीच साखळी होती तेव्हा ती डाग होती, वेल्माच्या घरी आली की दागिना. राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते कळेना, आणि तेवढी ताकदही नव्हती. गार लागायला लागलं तशी उठले. बाबांचं जेवण व्हायचं होतं.

शनिवार, १६ मे

भिंतीकडे गेले. देस एकटाच होता, डबा उघडून बसला होता. मी नमस्कार चमत्कार काही केला नाही.

"तुला माहीत होतं?"

त्याने विचारलं नाही, काय म्हणून. पावाचा तुकडा परत डब्यात ठेवला. "हो."

"कधीपासून?"

"पाळण्यात होतो तेव्हापासून. सॅम टक आणि तुमचा जोसाया एका बोटीतून आले. पुलाच्या कामावर एका साखळीत होते. आमच्याकडे नाताळला अजून दोघांच्या नावाने एक ग्लास घेतात."

"आणि माझ्यापाशी कधी बोलला नाहीस."

देसने हातांवरची दगडाची भुकटी झाडली. नंतर सांगायला लागला. आमच्याकडे मागणी घालायला आला त्या दिवशी बाबा पेट्यांच्या शेडमध्ये होते. त्याला वाटलं, नुसतं कोरडं कसं विचारायचं, जुनी ओळख काढावी, म्हाताऱ्याला बरं वाटेल.

"मी म्हटलं, क्लॅरीकाका, आपली म्हातारी मंडळी एका बोटीतली, आता पुन्हा एकत्र येतायत. टकांच्या घरात याहून गोड काही बोलताच येत नाही, नोला. एका बोटीतला म्हणजे भावाच्या वरचा. त्यांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, हे नोलाच्या कानावर जाता कामा नये, शब्द दे. मी दिला. मला वाटलं, एवढ्यावर हो म्हणतील."

"आणि नाही म्हणाले."

"हो."

"तरी शब्द पाळलास? इतकी वर्षं?"

"पहिल्या आठवड्यात मोडणारच होतो. तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. मग विचार केला, हे सांगितलं तर तू येशील, पण बापावर चिडून येशील. मला तशी नको होतीस. मला वाटलं, तू आपणहून येशील."

नदीवरून वारा येत होता. तशी मी गेले नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग त्याने विचारलं, "दगडावर काय कोरू?" मी म्हटलं, कळवते.

रविवार, १७ मे

जेवणं झाल्यावर बाबा पेपर घेऊन चुलीजवळ बसले होते. मी भांडी तशीच ठेवली.

"बाबा, जोसाया कैदी होता."

पेपर हलला नाही. "इडाच्या पोटात काही राहायचं नाही, मला माहीत होतं."

"तुम्हाला माहीत होतं."

"बारा वर्षांचा असल्यापासून."

"तरी देसला तुम्ही बेडीवाला म्हणालात."

आता पेपर खाली आला. "तेव्हा मी चर्चच्या समितीवर होतो. बागायतदार संघाचा अध्यक्ष होणार होतो. टकांशी सोयरीक झाली असती तर लग्नाच्या जेवणातच कोणीतरी दोन ग्लास चढवून त्या बोटीचं बोलला असता. ते लोक लपवत नाहीत काही."

"म्हणजे लोक काय म्हणतील म्हणून."

मला वाटलं ते हो म्हणतील. हो म्हणाले असते तर मी ते गिळलं असतं. त्या काळी सगळेच घाबरत. आईसुद्धा जन्मदाखले कुलपात ठेवायची, तिच्या माहेरचं कोण जाणे काय होतं.

बाबा विचार करत होते. खोटं बोलायचं वय गेलं असं त्यांना वाटलं असेल, किंवा मीही दमलेय तसे तेही दमले असतील.

"थोडी तीही भीती होती," ते म्हणाले. "पण एप्रिलमध्ये तुझी आई गेली. ऑगस्टमध्ये तो आला. रेज शाळेत. मला साधा चहा करता येत नव्हता. तू गेली असतीस तर हे घर कोणी बघितलं असतं? काय सांगून थांबवावं तुला, मी विचारच करत होतो. तेवढ्यात त्याने स्वतःच बोटीचं काढलं. बरं झालं म्हटलं, कारण मिळालं."

कुदळ कुठे ठेवली आहे ते सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. माझ्या डोक्यात दोन महिने जोसाया, कॅप्टन, याद्या, रजा, आणि या सगळ्याचा माझ्या लग्नाशी काही संबंधच नव्हता. कैद्याचा नव्हता, अधिकाऱ्याचाही नव्हता. घरात बाई हवी होती.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुडिंग उरलंय का?"

उरलं होतं. मी वाढून दिलं. हात आपोआप गेला, आणि त्या हाताचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

मंगळवार, १९ मे

देसला चिठ्ठी पाठवली. जोसाया हॅड्रिल. मेंढी मारल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा. सॅम टकच्या बोटीतून आला, १८३२. साखळीबिखळी काही नको.

त्याच्या हातचं उत्तर आलं : रविवारी जेवायला येशील का. मटण मी करतो, चांगलं होत नाही.

रविवार, २४ मे

बाबांचं दुपारचं ताट झाकून ठेवलं आणि कोट घातला.

"कुठे?"

"टकांकडे. जेवायला."

मी दार ओढून घेताना बाबा म्हणाले, "चहाच्या वेळेपर्यंत येशील ना?" मी बघते म्हटलं.

देसचं मटण खरंच चांगलं होत नाही. आम्ही ते सगळं संपवलं. फार बोलणं झालं नाही. नेलचा फोटो कपाटावर होता, त्याने तो हलवला नव्हता, ते मला आवडलं. आता या वयात नव्याने काय मांडायचं, असं मी म्हटलं, आणि तो म्हणाला, मांडायला कोण सांगतंय, बस नुसती. पुढे दोघेही बराच वेळ आगीकडे बघत बसलो. मला झोप लागली. परक्याच्या खुर्चीत भर दुपारी, तोंड उघडं टाकून. जाग आली तेव्हा अंगावर त्याचा जाड स्वेटर होता.

घाईघाईने घरी आले. चहाची वेळ टळून गेली होती. वाटेत मनाशी घोकत आले, ते उपाशी बसले असतील, चूल विझली असेल.

चूल व्यवस्थित पेटलेली होती. टेबलावर किटली, तिच्यावर ऊब धरायची लोकरीची टोपी, शेजारी दुधाचं भांडं, गाळणी बशीत उपडी. बाबा पाव भाजून त्यावर जॅम लावून खात होते. मी उभ्या उभ्याच एका कपात ओतून घेतला. उत्तम झाला होता. ना कडू, ना पाणचट. पहिल्यांदा करणाऱ्या माणसाला असा जमत नाही.

"चहा कोणी केला?"

"मी."

"तुम्हाला येत नव्हता ना?"

"तुझी आई गेली तेव्हा येत नव्हता. मग शिकलो, दोन-चार महिन्यांत. तू शाळेत कामावर जायचीस तेव्हा दुपारी कोण करून देणार?"

"मग माझ्यापाशी कधी बोलला नाहीत."

बाबांनी जॅमचा चमचा चाटला. "तू घरात असायचीस," म्हणाले.

मी रडले. त्यांच्यासमोर, कप हातात घेऊन, उभी राहूनच. ते पावाकडे बघत राहिले. मग मी कप धुतला, तोंड धुतलं आणि रेजला फोन केला. म्हटलं, बाबा उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे राहतील, आत्ता येऊन घेऊन जा. तो म्हणाला, आजारी आहेस का. म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग का. म्हटलं, तू येतोयस की वेल्माला पाठवतोयस? तासाभरात तो आला. पायाचं मलम आणि गोळ्या मी पिशवीत बांधून ठेवल्या होत्या. बाबा गाडीत बसताना म्हणाले, "कोंबड्या?" मी म्हटलं, "कोंबड्या मी बघते." त्यांना बोचलं असेल तर बोचू दे.

कोंबड्यांना कोंडलं. डायरी कोटाच्या खिशात घातली.

हे टकांच्या स्वयंपाकघरात लिहिते आहे. देसने दार उघडलं आणि बाजूला झाला. तो समोर बसून विड्या वळतोय, मी काय लिहिते ते बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून. आताच म्हणाला, चहा करू का.

मी म्हटलं, कर. तो उठला. मी बसून राहिले.